पंगतीतला मान

मागच्या हिवाळ्यात भोकरदनकडच्या एका बचत गटाची बैठक आटोपून आम्ही सातजणी जीपनं परतत होतो. वाटेत असईचं नाव निघालं आणि मी जीप तिकडे वळवायला लावली. बी.ए.ला इतिहास घेतला होता, ती खोड अजून जात नाही! तसं तिथं पाहायला फारसं काही नाही. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातली काळी शेतं, बांधावरच्या बाभळी, आणि वारा. पण याच मातीत 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रजांच्या वेलस्लीनं दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवलं. हाच वेलस्ली पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगभर गाजला. शिंद्यांच्या 98 तोफा त्याला मिळाल्या खऱ्या, पण त्याचेही दीड हजारांच्या वर लोक मेले नाहीतर जखमी झाले.

एवढं सगळं मी बायकांना सांगितलं. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की त्या लढाईत बाईमाणूस कुठंच नव्हतं का. मी नाही म्हणून मोकळी झाले. घरी येऊन जुनी पुस्तकं काढली आणि माझी मलाच लाज वाटली. त्या दिवशी शिंद्यांच्या बाजूनं ज्या कवायती पलटणी मैदानात होत्या, त्यातल्या काही चक्क एका बाईच्या होत्या. बाई स्वतः तिकडे दूर मेरठजवळ सरधन्याला होती. पण शिपाई तिचे, पगार तिचा, हुकूमही तिचा.

ही बेगम समरू. उत्तरेत तिचं नाव अजून घरोघरी माहीत आहे, आपल्याकडे मात्र कमीच. जन्म 1750 च्या आसपास, मेरठजवळच्या कुटाणा गावचा. नाव फर्जाना. दिल्लीत नाचगाण्याच्या कोठ्यावर वाढलेली पोर, असं सांगतात. वॉल्टर राइनहार्ट नावाच्या भाडोत्री युरोपियन सरदारानं तिला घरात आणली. या राइनहार्टलाच लोक समरू म्हणत. माणूस काही भला नव्हता. 1763 मध्ये पाटण्याला मीर कासिमच्या हुकमावरून त्यानं इंग्रज कैद्यांची कत्तल केली होती. पुढे दिल्लीच्या बादशहाकडून त्याला सरधन्याची जहागीर मिळाली आणि 1778 मध्ये आग्र्याला तो मेला.

आता पुढचं बघा. त्याला दुसऱ्या बायकोचा मुलगा होता. पण फौजेतल्या गोऱ्या आणि देशी अधिकाऱ्यांनी आपला म्होरक्या म्हणून मागितलं ते या तिशीच्याही आतल्या बाईला. उंची म्हणे जेमतेम साडेचार फूट. डोक्याला पागोटं, हातात हुक्क्याची नळी. 1781 मध्ये तिनं ख्रिस्ती धर्म घेतला, जोआना नाव घेतलं, पण राहणी आणि बोलणं चालणं आपलं हिंदुस्थानीच ठेवलं. 1788 मध्ये गोकुळगढला नजफकुली खानानं बादशहाच्या छावणीवर अचानक हल्ला केला. सगळी पळापळ सुरू झाली, तेव्हा ही पालखीत बसून तोफांच्या शेजारी आली आणि तिथून मारा करायला लावला. शाह आलम बादशहा वाचला. त्यानं तिला मुलगी मानलं, झेबुन्निसा हा किताब दिला.

तिच्या पदरचे युरोपियन अधिकारी कोण होते, हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. कुणी जहाजावरून पळालेला खलाशी, कुणी पलटण सोडून आलेला शिपाई. दारू पिणारे, भांडणारे, बहुतेकांना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. जॉर्ज थॉमस हा आयरिश खलाशी त्यातलाच, पण लढाईत वाघ. ही सगळी मंडळी समरूच्या काळापासून मालकाच्या टेबलावर जेवायला बसत. बेगमनंही ती चाल मोडली नाही. दिवसा कवायत, हुकूम, शिक्षा. संध्याकाळी एका टेबलावर जेवण. कुणाचा पगार थकलाय, कुणाचं कुणाशी बिनसलंय, हे तिला कचेरीपेक्षा त्या टेबलावर जास्त कळत असणार. घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला हे वेगळं सांगायला नको.

आणि मग ल वासू आला. फ्रेंच, खानदानी, शिकलेला, देखणा. बेगम त्याच्यात गुंतली. थॉमसचं आणि त्याचं पटेना, म्हणून 1792 मध्ये थॉमस नोकरी सोडून गेला आणि आपल्या मराठ्यांच्या आप्पा खंडेरावाकडे लागला. 1793 मध्ये बेगमनं ल वासूशी लग्न केलं, तेही गुपचूप. साक्षीला दोघेच फ्रेंच अधिकारी, त्यातला एक सालेर. (आपल्या सालेर किल्ल्याशी याचा काही संबंध नाही बरं का!) शिपायांच्या लेखी ती अजून समरूची विधवाच होती. वाड्यात रोज येणारा हा साहेब त्यांना खटकायला लागला.

पण खरी ठिणगी पडली ती जेवणाच्या टेबलावरून. या अडाणी, गावंढळ लोकांच्या पंगतीला मी बसणार नाही, असं ल वासूनं ठरवलं. त्यांचं टेबलावर येणं बंद झालं. बेगमनं त्याला परोपरीनं समजावलं, की यांच्याच जिवावर आपण आहोत, यांना असं तोडू नका. त्यानं ऐकलं नाही. त्यात लिएज्वा नावाचा एक जुना अधिकारी, थॉमसचा मित्र, थॉमसवर चालून जाऊ नका म्हणाला, तर त्याचा हुद्दाच उतरवला.

इथं मला थोडं थांबून माझी स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटाच्या वर्धापनदिनाला पाहुणे बोलावले होते. पाहुण्यांना आत टेबल-खुर्च्या, ताटात पुरणपोळी, वर तुपाची धार. ज्या बायकांनी पहाटे चारपासून पुरण वाटलं, त्यांनी दुपारी तीनला चुलीपाशी उभ्याउभ्या उरलंसुरलं खाल्लं. मी स्वतः पाहुण्यांच्या टेबलावर होते. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. पुढच्या बैठकीला चौदापैकी पाचजणी आल्या, त्यापुढच्या बैठकीला दोघी. कारण मला कित्येक महिन्यांनी कळलं, तेही तिसरीकडूनच. म्हणून ल वासूबद्दल वाचताना मला त्याचा नुसता राग आला नाही, पोटात खड्डा पडला.

शिपायांनी सरळ बंड केलं. बेगम आणि ल वासू खजिना घेऊन इंग्रजी मुलखात निघून जाणार, अशी कुणकुण त्यांना लागली होती आणि ती खोटीही नव्हती. 1795 च्या ऑक्टोबरात दोघं रात्री निघाले, ती पालखीत आणि तो घोड्यावर. हाती सापडलो तर जिवंत राहायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. थोडं अंतर गेले नाहीत तोच मागून शिपाई आले. बेगमनं छातीत खंजीर खुपसला. दासी किंचाळल्या, रक्ताचं कापड दिसलं आणि ल वासूनं पिस्तूल डोक्याला लावून घोडा दाबला. तो जागीच गेला. हिचा खंजीर मात्र हाडावरून घसरला होता. काहीजण म्हणतात, तिनं मुद्दामच तसं केलं. मला नाही तसं वाटत. छातीत खंजीर मारून घेताना इतका हिशेब कोण करतं?

ल वासूच्या प्रेताची शिपायांनी विटंबना केली. बेगमला सरधन्याला आणून तोफेच्या गाड्याला बांधलं. सात दिवस ती उन्हात तशीच होती म्हणतात, आणि दासी चोरून पाणी पाजत होत्या. ज्यांनी तिला एकेकाळी मागून घेतलं होतं, तीच ही माणसं. त्यांनी समरूच्या मुलाला गादीवर बसवलं, पण त्याला काही झेपेना.

तिनं निरोप पाठवला तो कुणाला? थॉमसला. ज्याला तिच्या नवऱ्यापायी जावं लागलं होतं, त्यालाच. त्यानं जुनं काही काढलं नाही. शिंद्यांच्या उत्तरेतल्या सरदाराची मदत मिळवली आणि सरधन्याला येऊन बेगमला परत बसवली. बंडात सामील न झालेल्या सालेरच्या हाती फौज दिली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी इमान राखण्याची शपथ घेतली. तो कागदही मुन्शीनं लिहिला, कारण या बहाद्दरांना लिहिता कुठं येत होतं! बहुतेकांनी सहीऐवजी शिक्के उमटवले. बेगमनं ल वासूचं नाव टाकलं आणि पुन्हा समरूची बेगम झाली. पुरुषाशी लग्न तिनं नंतर कधी केलं नाही.

या बंडाला आठ वर्षं होतात न होतात तोच त्या पलटणी सालेरच्या हाताखाली दक्षिणेत उतरून आपल्या असईला आल्या. शिंद्यांच्या फौजेचा सेनापती पोलमन, तोही एकेकाळचा सार्जंटच. फौज मोडली, तोफा गेल्या. पण बेगमच्या पलटणी विस्कळीत न होता मैदानातून बाहेर पडल्या आणि पुढे सरधन्याला परतल्या. आठ वर्षांपूर्वी याच फौजेनं मालकिणीला तोफेला बांधलं होतं, हे खरं वाटत नाही.

त्याच साली बेगम इंग्रज सेनापती लेकला भेटायला त्याच्या छावणीत गेली. साहेब नुकताच जेवून, थोडी घेऊन बसलेला. एवढी मोठी बेगम आपल्या बाजूला आली या आनंदात त्यानं पुढं होऊन सगळ्यांदेखत तिचा मुका घेतला! तिचे शिपाई सर्द झाले. क्षणभर काहीही घडलं असतं. बेगम जराही न गडबडता आपल्या माणसांकडे वळली आणि म्हणाली, की पश्चात्ताप झालेल्या लेकीला पाद्री असाच आशीर्वाद देतो. ती ख्रिस्ती, तेव्हा लोकांना ते पटलं. साहेबाची लाज राहिली, शिपायांचाही मान राहिला. माझ्या मते ही तिची सगळ्यात मोठी लढाई.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त सुभेदारकाका राहतात. त्यांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, पलटणीत आजही बडाखाना असतो. त्या दिवशी अधिकारी जवानांच्या पंगतीत येतात, वाढतात, बरोबर जेवतात. आणि कालपरवा लागलेला लेफ्टनंटसुद्धा सुभेदाराला साहेब म्हणूनच हाक मारतो. त्यांच्या बोलण्यात मला जरासा अभिमान ऐकू आला. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी बाजारात भेटलेला त्यांचा जुना कॅप्टन, जो पुढे मोठा अधिकारी झाला, आधी हात जोडतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

बेगम काही देवी नव्हती हेही सांगायला हवं. घरांना आग लावून पळू पाहणाऱ्या दोन दासींना तिनं फटके मारवून जिवंत पुरवलं. ही कथा वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगतात, पण सांगतात सगळेच. टेबलावरच्या अधिकाऱ्यांना मान होता. दासींना कुठलं टेबल?

बाकी आयुष्य तसं भरभराटीचं गेलं. सत्तरी ओलांडल्यावरही 1825-26 मध्ये भरतपूरच्या वेढ्याला ती जातीनं छावणीत हजर झाली. सरधन्यात तिनं मोठं चर्च बांधलं, त्यावर 1822 साल आहे. 27 जानेवारी 1836 रोजी ती गेली. तिच्या वारसानं, डाइस सोम्बरनं, तादोलिनी या इटालियन शिल्पकाराकडून तिचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते त्याच चर्चमध्ये आहे. सगळ्यात वर बेगम बसलेली, खाली तिचा वारस, बिशप, दिवाण रायसिंग, आणि तिच्या घोडदळाचा अधिकारी इनायतउल्ला. बाजूच्या एका फलकावर तिचा दरबार कोरलाय, त्यात गोरे आणि देशी अधिकारी एकत्र.

पुढच्या बैठकीत मावशींना हे सगळं सांगितलं आणि माझं उत्तर चुकलं होतं म्हणून कबूल केलं. त्यांनी एवढंच विचारलं, की त्या साहेबाला एकट्याला जेवण गोड लागत होतं का. सरधन्याला मी अजून गेलेली नाही. मावशी म्हणतात, रेल्वेचं तिकीट काढ, दशम्या मी घेते.