चौथा भाग
सर रामनाथ चोप्रा यांचे नाव आज औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे कोणाला आठवत नाही. पंजाबातील गुजरानवाला येथे १८८२ साली जन्मलेले चोप्रा केंब्रिजमध्ये शिकले, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि १९२१ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये प्राध्यापक झाले. देशी वनौषधींचे गुण प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहणे हा त्यांचा व्यासंग होता.

त्या काळी हिवतापाने फणफणलेला रोगी पदरमोड करून क्विनीन घेई. परंतु त्यात क्विनीन किती व भेसळ किती, हे पाहणारा अखिल भारतीय कायदा नव्हता. १९३० मध्ये सरकारने चोप्रांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. मध्यवर्ती कायदा, चाचणी प्रयोगशाळा आणि औषधविक्रेत्यांचे शिक्षण या तिन्हींची निकड समितीने १९३१ मध्ये मांडली. कायदा मात्र १९४० मध्ये झाला.

या कायद्याचा प्राण निरीक्षकाच्या कार्यपद्धतीत आहे. त्याला कारखान्यात व दुकानात शिरून तपासणी करण्याचा अधिकार आहे. तथापि, दुकानातून नमुना घेताना त्याने रास्त किंमत देऊ करावी, विक्रेत्यादेखत नमुन्याचे चार भाग करून ते मोहोरबंद करावेत, असे बंधनही आहे. एक भाग विक्रेत्याला, दुसरा सरकारी विश्लेषकाला, तिसरा न्यायालयासाठी आणि चौथा, विक्रेत्याने ज्याच्याकडून औषध घेतल्याचे सांगितले असेल त्याला. ज्याच्यावर आरोप व्हायचा, त्याच्याही हाती पुरावा ठेवणारी ही न्यायबुद्धी आहे.

चोप्रा १९७३ मध्ये निवर्तले. पुढे १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले, तेव्हा न्या. लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाच्याच कारभारावर बोट ठेवले. कायदा होता, पहारा झोपला होता.

त्याच कायद्याखाली २०१७ मध्ये वैद्यकीय उपकरणांचे नियम झाले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे 'औषध' या व्याख्येत आली. धोक्यानुसार त्यांचे चार वर्ग आहेत. सर्वाधिक धोक्याच्या दोन वर्गांतील कारखान्यांना केंद्राचा परवाना लागतो. पूर्वी प्रश्न क्विनीनचा होता. आज तो हृदयात बसविलेल्या स्टेंटचाही आहे. रोग्याला दोन्हींची पारख करता येत नाही. ती त्याच्या वतीने करणारे निरीक्षक पुरेसे, प्रशिक्षित आणि निःस्पृह असले, तरच चोप्रांच्या परिश्रमांचे चीज होईल.