मेंदूची चित्रं काढणारा डॉक्टर: सान्तियागो रामोन इ काहाल

एआयवरचा कुठलाही व्हिडिओ उघडा, पहिल्या दोन मिनिटांत एक आकृती येतेच. गोल गोल ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि डावीकडून उजवीकडे जाणारे बाण. नाव असतं न्यूरल नेटवर्क. पण मेंदू सुट्या सुट्या पेशींचा बनलेला असतो आणि सिग्नल एका पेशीकडून दुसरीकडे ठरावीक दिशेनेच जातो, हे आधी कोणीतरी कागदावर काढून दाखवावं लागलं होतं. ज्याने ते दाखवलं त्याला खरं तर चित्रकार व्हायचं होतं. घरच्यांनी होऊ दिलं नाही. (ही अडचण आपल्याकडे कोणाला वेगळी समजावून सांगायला नको.)

सान्तियागो रामोन इ काहालचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या छोट्या गावात झाला. वडील गावोगावी काम करणारे सर्जन, गरिबीतून शिकून वर आलेले आणि स्वभावाने कडक. चित्रकला म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा, हे त्यांचं पक्कं मत. एकदा चर्चच्या भिंती रंगवायला गावात एक रंगारी आला, तर त्यांनी पोराचं चित्र त्यालाच दाखवलं. रंगाऱ्याने निकाल दिला की या मुलात काही दम नाही. झालं, विषय संपला! पोरगा मात्र भिंती, वह्या, पुस्तकांच्या कडा, जे मिळेल त्यावर काढतच राहिला. घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचं फाटक उडवल्याबद्दल अकराव्या वर्षी तो काही दिवस कोठडीतही बसून आला. अभ्यासात लक्ष नाही म्हणून वडिलांनी त्याला आधी न्हाव्याकडे आणि मग चांभाराकडे कामाला लावलं.

शेवटी १८६८ च्या उन्हाळ्यात वडिलांनीच एक युक्ती काढली. ते मुलाला घेऊन जुन्या कबरस्तानात गेले, तिथून माणसांची हाडं गोळा करून आणली आणि ती समोर ठेवून त्याला शरीररचना शिकवायला लागले. ज्याला पाठांतराचा वैताग होता, तो प्रत्येक हाड वळवून वळवून काढायला लागला आणि काढता काढता पाठही झालं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं खरं वळण हेच. बघायचं कसं, हे तो त्या हाडांवर शिकला.

१८७३ मध्ये तो डॉक्टर झाला. सैन्यात भरती होऊन क्युबाच्या युद्धावर गेला, मलेरिया घेऊन परत आला. साठवलेल्या पैशांतून त्याने एक मायक्रोस्कोप घेतला, तोही हप्त्यांवर. पुढे व्हॅलेन्सियात प्राध्यापक झाल्यावर १८८५ च्या कॉलऱ्याच्या साथीत त्याने केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक सरकारने त्याला चांगला झाइस मायक्रोस्कोप भेट दिला.

आता मुख्य अडचण समजून घेऊ. मेंदूचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला तर जवळपास काहीच दिसत नाही, कारण तो पारदर्शक असतो. साधा रंग दिला तर सगळंच रंगतं आणि नुसता गुंता दिसतो. १८७३ मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जीने यावर एक भन्नाट उपाय शोधला. पोटॅशियम डायक्रोमेट आणि मग सिल्व्हर नायट्रेट वापरलं की शंभरातल्या मोजक्याच पेशी काळ्याकुट्ट होतात, पण ज्या होतात त्या पार टोकापर्यंत. समजा, विसर्जनाच्या गर्दीचा ड्रोनने फोटो काढला आणि त्यात शंभरातली दोन-तीनच माणसं उमटली, बाकी गायब. पण जी उमटली ती अगदी बोटांच्या नखांसकट! तसंच हे.

काहालने हे काप १८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमार्रो या डॉक्टरकडे पहिल्यांदा पाहिले. पद्धत चौदा वर्षं जुनी होती, पण लहरी असल्याने फार कोणी वापरत नव्हतं. खुद्द गोल्जीचं मत होतं की मेंदू म्हणजे एकमेकांत विरघळलेल्या धाग्यांचं एक अखंड जाळं आहे. त्या काळी बहुतेकांना हेच मान्य होतं.

काहालने दोन बदल केले. एक, रसायनांची प्रक्रिया दोनदा केली, म्हणजे पेशी जास्त ठळक उमटतात. दुसरा बदल इंजिनिअरला लगेच पटेल असा. त्याने प्रौढ मेंदू बाजूला ठेवून पक्ष्यांचे आणि सस्तन प्राण्यांचे भ्रूण आणि पिल्लं घेतली. त्यांच्यात पेशी कमी वाढलेल्या असतात, तंतूंवर आवरण चढलेलं नसतं, त्यामुळे रंग नीट बसतो. लाखो ओळींचा कोड कळत नसेल तर त्याचं पहिलं व्हर्जन उघडायचं, तसलाच प्रकार.

आणि मग तो काढायला बसला. पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कात त्याला दिसलं की काही पेशींचे तंतू मोठ्या पुर्किंजे पेशींभोवती टोपलीसारखे विणले जातात आणि तिथेच संपतात. पेशीत शिरत नाहीत, विरघळत नाहीत. स्पर्शापर्यंत येतात आणि थांबतात. म्हणजे अखंड जाळं नाहीच, सुट्या पेशी आहेत.

इथे एक प्रश्न पडतो. काहालला फोटोग्राफीचं प्रचंड वेड होतं. स्वतःचे भरपूर फोटो काढायचा (हो, सेल्फीच म्हणा), १९१२ मध्ये तर रंगीत फोटोग्राफीवर त्याने पुस्तकही लिहिलं. मग मेंदूचे फोटो का नाही? कारण फोनच्या मॅक्रो मोडमध्ये आपल्याला येतो तोच अनुभव: फूल फोकसमध्ये घेतलं की मागची पाकळी धूसर. मायक्रोस्कोपमध्ये तर फोकसचा थर आणखी पातळ असतो. पेशीची एक फांदी वर, दुसरी खाली, एका फोटोत दोन्ही येतच नाहीत. काहाल फोकसचं चाक फिरवत थरामागून थर बघायचा आणि सगळं एका चित्रात एकत्र करायचा. आज कॅमेरा ॲप दहा फोटो जोडून फोकस स्टॅकिंग करतं, ते काम तो डोळा आणि हात वापरून करत होता. वेगवेगळ्या कापांतल्या पेशीही तो एकाच चित्रात मांडायचा.

म्हणजे त्याचं चित्र ही नक्कल नव्हती. प्रत्येक रेषेमागे एक निर्णय होता, आणि तिथेच धोकाही होता. उदाहरण घ्या. पेशीच्या फांद्यांवर त्याला बारीक काटे दिसले. गोल्जीच्या आकृत्यांत फांद्या गुळगुळीत आहेत. बऱ्याच शास्त्रज्ञांनी ठरवलं की काटे म्हणजे चांदीचा साठलेला गाळ. आता खरं कोणाचं? काहालने १८९६ मध्ये मिथिलीन ब्लू हा वेगळाच रंग वापरून पाहिला आणि काटे तरीही दिसले. चित्रावर शंका आली तर दुसऱ्या मार्गाने तपासायचं, ही शिस्त मला त्याच्या चित्रांच्या सौंदर्याइतकीच आवडते.

निष्कर्ष छापायला त्याने १८८८ मध्ये पदरमोड करून स्वतःचं नियतकालिक काढलं. पहिल्या अंकाच्या प्रती फक्त ६०, आणि त्याही परदेशातल्या शास्त्रज्ञांना पोस्टाने. स्पॅनिश वाचणारे तिकडे थोडेच, त्यामुळे प्रतिसादही थंडच. मग १८८९ मध्ये तो स्वखर्चाने बर्लिनच्या परिषदेला गेला, सोबत आपला मायक्रोस्कोप आणि काप. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत त्याने त्या क्षेत्रातल्या ज्येष्ठ आल्बर्ट कोलिकरला आयपीसवर डोळा लावायला लावला. कोलिकर आधी जाळ्याच्या बाजूचा होता. काप पाहून त्याने आपलं मत बदललं. १८९१ मध्ये जर्मनीच्या वाल्डायरने या पेशींना न्यूरॉन हे नाव दिलं, ज्याला आपण शाळेत चेतापेशी म्हणतो.

त्याच सुमारास काहालच्या चित्रांत छोटे बाण दिसायला लागले. त्याचं म्हणणं होतं की सिग्नल फांद्यांतून पेशीत येतो आणि अक्षतंतूतून बाहेर जातो. लक्षात घ्या, मायक्रोस्कोपखालचे काप मेलेल्या ऊतींचे होते, त्यात वाहणारं काहीच दिसत नव्हतं. दिशा त्याने पेशींच्या मांडणीवरून ओळखली. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश कुठून येतो हे माहीत आहे, मग कोणत्या पेशीच्या फांद्या कुठे तोंड करून आहेत ते बघायचं, असा तर्क.

१९०६ चं नोबेल काहाल आणि गोल्जी यांना मिळून देण्यात आलं. गोल्जीने स्टॉकहोमच्या भाषणात न्यूरॉनच्या कल्पनेलाच विरोध केला आणि दुसऱ्या दिवशी काहालने त्याच कल्पनेवर भाषण दिलं. एकच रंग वापरलेली दोन माणसं, एकच बक्षीस आणि दोन उलट चित्रं.

काहाल १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये गेला. १९४३ मध्ये मॅककुलॉक आणि पिट्स यांनी न्यूरॉन हा इनपुट घेऊन आउटपुट देणारा एक गणिती घटक म्हणून मांडला. व्हिडिओंमधल्या त्या गोल ठिपक्यांचं मूळ इथे आहे. दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसायला मात्र १९५० च्या दशकातला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला. ती साधारण २० नॅनोमीटरची निघाली. काट्यांवर खरोखर जोडण्या असतात हेही त्याच दशकाच्या शेवटी दिसलं. गोल्जीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी: काही पेशी बारीक वाहिन्यांनी थेट जोडलेल्या असतात, हे पुढे सापडलं. पण मेंदूचा सर्वसाधारण नियम काहालने काढला तोच ठरला.

त्याची मूळ चित्रं सुमारे २,९०० आहेत आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्याच्या संग्रहाला जागतिक स्मृतींच्या यादीत जागा दिली. फोनवर ती सहज सापडतात. उघडलीत तर दोन बोटांनी झूम करा. शाईखाली पेन्सिलच्या फिकट रेषा दिसतील, काही ठिकाणी पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुकलेल्या फांद्या, आणि पेशींच्या मधोमध ते छोटे बाण.