वृक्षांच्या अंतरंगाचे शोधक : आचार्य जगदीशचंद्र बोस

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत आमचा रायगडचा किनारा नारळी-पोफळीच्या वाड्यांनी नटलेला आहे. माडाच्या मुळाशी शिंपलेले पाणी शेंड्यापर्यंत कसे चढते? या प्रश्नासाठी आयुष्याची अनेक वर्षे वेचणाऱ्या आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे आम्ही येथे कृतज्ञतेने स्मरण करीत आहोत.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. तरीही त्यांनी मुलाला मातृभाषेच्या पाठशाळेत घातले. तेथे शिपायाचा व कोळ्याचा मुलगा त्यांच्या शेजारी बसत. जलचरांच्या गोष्टी त्यांनी या सवंगड्यांकडूनच ऐकल्या आणि निसर्गाची ओढ तेथेच लागली.

इंग्लंडमध्ये शिकून १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतीय म्हणून त्यांना युरोपीय सहकाऱ्यांहून कमी वेतन देऊ केले गेले. त्यांनी तीन वर्षे वेतन नाकारले, अध्यापन मात्र एक दिवसही सैल पडू दिले नाही. अखेर सरकारने मागील सर्व फरकासह पूर्ण वेतन दिले.

फरीदपूर येथे एक खजुरीचे झाड सायंकाळी देवळातील घंटानादाच्या वेळी मान लववी व सकाळी पुन्हा उभे राही. भाविकांची तेथे रीघ लागे. जगदीशचंद्रांनी झाडाला यंत्र जोडून नोंदी घेतल्या आणि हा चमत्कार तापमानाच्या चढउताराचा परिणाम असल्याचे दाखविले.

१९१७ मध्ये त्यांनी बोस संशोधन मंदिर स्थापन केले. खोडातील जिवंत पेशी लयबद्ध स्पंदनांनी पाणी वर ढकलतात, असे मत त्यांनी १९२३ च्या ग्रंथात मांडले. विज्ञानाने ते स्वीकारले नाही. पानांतून बाष्प बाहेर पडताना निर्माण होणाऱ्या ओढीने जलवाहिन्यांतील अखंड जलस्तंभ वर खेचला जातो आणि पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून फळा-मुळांकडे जाते, असे आज मानले जाते. परंतु वनस्पतींच्या सूक्ष्म हालचाली मोजणारी त्यांची यंत्रे आणि प्रत्येक मत प्रयोगावर पारखण्याचा त्यांचा आग्रह यांचे मोल त्यामुळे उणावत नाही.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, ही तथागतांची शिकवण. आचार्यांचे मतही आमच्या विद्यार्थ्यांनी तसेच पारखावे. त्यांना याहून योग्य अभिवादन आम्हांस सुचत नाही.