संत व्हिन्सेंट डी पॉल : दयेला शिस्त लावणारे धर्मगुरू



काही वर्षांपूर्वी मी एका घरी आजाऱ्याला पवित्र ख्रिस्तशरीर द्यायला गेलो होतो. घरातला कर्ता पुरुष अपघातात जायबंदी होऊन नुकताच अंथरुणाला खिळला होता. बातमी वाडीत पसरली आणि माणसे धावून आली. टेबलावर फळांचा ढीग होता, खाली ठेवलेली केळी काळी पडू लागली होती, एकाच दुपारी तीन घरांतून जेवणाचे डबे आले होते. माझे मन भरून आले. महिनाभराने मी पुन्हा गेलो तेव्हा त्या घरात चहाला साखर नव्हती. घरच्या बाईने तक्रार केली नाही, फक्त चहा करता येत नाही म्हणून ती ओशाळली. लोक वाईट नव्हते. प्रत्येकाला वाटत होते की दुसरा कोणीतरी बघत असेल. त्या ‘प्रत्येका’मध्ये मीही होतो.

त्या दिवशी घरी परतताना मला एका संताची आठवण झाली. त्यांचा सण आपण दरवर्षी २७ सप्टेंबरला साजरा करतो. ते म्हणजे संत व्हिन्सेंट डी पॉल. त्यांच्या नावाची संस्था आपल्या अनेक धर्मग्रामांत आहे. पण नाव ओळखीचे असले तरी माणूस ओळखीचा असतोच असे नाही.

बैलांची जोडी विकून शिकलेला मुलगा

व्हिन्सेंट यांचा जन्म १५८१ साली फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील पुई या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते तिसरे. लहानपणी त्यांनी मेंढ्या आणि डुकरे राखली. मुलगा हुशार आहे हे पाहून वडिलांनी त्यांना जवळच्या दाक्स शहरात शिकायला ठेवले आणि पुढच्या शिक्षणासाठी बैलांची जोडी विकली. शेतकऱ्याने बैल विकणे म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते.

मात्र मुलाच्या मनात तेव्हा गरिबांची सेवा नव्हती, गरिबीतून सुटका होती. लंगडत चालणाऱ्या, साध्या कपड्यांतल्या आपल्या वडिलांची त्यांना शहरात लाज वाटत असे. म्हातारपणी त्यांनी स्वतःच ही गोष्ट पश्चात्तापाने सांगितली. १६०० साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी गुरुदीक्षा घेतली. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे हे वय फारच कमी होते. पुढची दहा वर्षे ते चांगले उत्पन्न देणारे पद शोधत होते. १६१० साली आईला लिहिलेल्या पत्रात, लवकरच भरपूर मिळकत होईल आणि मग तुमच्याजवळ येऊन राहीन, अशी आशा त्यांनी व्यक्त केली होती. संत जन्मतः संत नसतात, हे आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पॅरिसमध्ये हळूहळू त्यांचे मन पालटत गेले. चांगल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांचा सहवास लाभला. चोरीचा खोटा आळ सोसावा लागला. क्लिशी या गावात धर्मगुरू म्हणून साध्या माणसांत राहण्याचा आनंद मिळाला. नंतर ते गोंदी नावाच्या श्रीमंत सरदार घराण्यात मुलांचे शिक्षक झाले. तिथे सुखाची काही कमतरता नव्हती. पण १६१७ साली ते मोठे घर सोडून त्यांनी शातियों नावाच्या एका दूरच्या गावाची जबाबदारी स्वीकारली.

एका रविवारची गोष्ट

२० ऑगस्ट १६१७, रविवार. व्हिन्सेंट मिस्सासाठी झगा चढवत असताना एका बाईने त्यांना निरोप दिला. गावाबाहेरच्या एका घरात सगळीच माणसे एकदम आजारी पडली होती, पाणी द्यायलाही कोणी उभे नव्हते. व्हिन्सेंट यांनी प्रवचनात त्या घराबद्दल कळकळीने सांगितले. दुपारच्या प्रार्थनेनंतर ते स्वतः तिकडे निघाले, तर वाटेत बायकांची रीघ लागलेली. कोणी जात होत्या, कोणी परतत होत्या, ऑगस्टच्या उन्हाने दमून कोणी झाडाखाली बसल्या होत्या.

कोणत्याही प्रवचनकाराला धन्य वाटावे असे ते दृश्य होते. आपल्या एका प्रवचनाने गाव हलले म्हणून आम्ही धर्मगुरू आठवडाभर खूश राहिलो असतो. व्हिन्सेंट यांनाही आनंद झाला, पण त्यांच्या डोळ्यांतून एक गोष्ट सुटली नाही. त्या घरात आज इतके अन्न आले होते की त्यातले बरेच नासणार होते. आणि उद्या? परवा? आजार एका दिवसात जात नाही. गावकऱ्यांची दया मोठी होती, पण तिला व्यवस्था नव्हती.

तीनच दिवसांनी त्यांनी गावातल्या काही स्त्रियांना एकत्र बोलावले. एकीने एक दिवस सांभाळायचा, तिचा दिवस संपला की दुसरीने, अशी पाळी ठरली. त्याच वर्षी ८ डिसेंबरला या मंडळाची रीतसर स्थापना झाली. आज जगभर धर्मग्रामांमध्ये जे सेवाकार्य चालते, त्याच्या मुळाशी असलेल्या घटनांमध्ये या घटनेचे स्थान फार मोठे आहे.

नियमात उतरलेले प्रेम

या मंडळासाठी व्हिन्सेंट यांनी नियम लिहून दिले. ते वाचताना वाटते की हे लिहिणारा माणूस स्वतः आजाऱ्याच्या खाटेशेजारी बसलेला असला पाहिजे. आजाऱ्याला काय वाढायचे, भाकरी, रस्सा, मांस किती द्यायचे, हे त्यात आहे. घरात शिरताना हसतमुखाने विचारपूस करायची, ताटाखाली स्वच्छ कापड घालायचे, आजाऱ्याचे हात धुवायचे, जेवणाआधी प्रार्थना म्हणायची, हेही आहे. आणि एक बारीकशी सूचना आहे : ज्यांच्याजवळ कोणी आहे त्या आजाऱ्यांकडे आधी जायचे, ज्यांचे कोणीच नाही त्यांच्याकडे शेवटी. का? म्हणजे पुढे कुठे जायची घाई राहणार नाही आणि त्या एकट्या जिवाजवळ जास्त वेळ बसता येईल.

त्याच नियमांत पैशांबद्दलही तेवढीच काळजी आहे. मंडळाची रक्कम पेटीत ठेवायची. पेटीला दोन वेगवेगळी कुलपे, एक किल्ली प्रमुख बाईकडे, दुसरी खजिनदार बाईकडे. जमाखर्चाचा हिशेब द्यायचा. यात कोणावर अविश्वास नव्हता. गरिबांसाठी दिलेला पैसा गरिबांचा झाला, तो आता मंडळाचाही नाही आणि धर्मगुरूचाही नाही, अशी त्यांची भावना होती. हिशेब मागणे हा अपमान नव्हे, आणि हिशेब देणे हे सेवेचेच एक अंग आहे, ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वी एका गावच्या धर्मगुरूला समजली होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक धडा मिळाला होता. सद्‌गुण म्हणजे एकदा घडलेली चांगली कृती नव्हे, तर अंगी मुरलेली सवय. परीक्षेत मी ते उत्तर बरोबर लिहिले होते. पण त्याचा अर्थ मला शातियोंच्या त्या पाळीपत्रकाने समजावला. दया ही भावना आहे तोवर ती येते आणि जाते. तिचा वार ठरला, तिची पाळी ठरली, की ती सद्‌गुण होते.

स्वतःच्या हाताने

१६१७ च्या अखेरीस व्हिन्सेंट गोंदी घराण्याकडे परतले, पण आता ते पूर्वीचे राहिले नव्हते. त्या घराण्याच्या जमिनींवरील गावोगावी त्यांनी अशीच मंडळे स्थापन केली. १६२५ साली खेड्यांत सुवार्ताप्रसार करण्यासाठी त्यांनी धर्मगुरूंचा संघ सुरू केला, त्याला लागणारे धनही गोंदी पतिपत्नींनीच दिले. मंडळे वाढली तसे प्रश्नही वाढले. काही ठिकाणी उत्साह मावळला, हिशेब विस्कटले. १६२९ पासून व्हिन्सेंट यांनी लुईज द मारियाक या विधवा भगिनीला गावोगावच्या मंडळांना भेटी द्यायला पाठवले. ती जायची, बघायची, विस्कटलेले सावरायची.

पॅरिसमध्ये वेगळीच अडचण आली. तिथल्या मंडळात मोठ्या घरच्या स्त्रिया होत्या. पैसा द्यायला त्या तयार होत्या, पण रश्श्याचे भांडे घेऊन गरिबाच्या खोलीपर्यंत जाणे त्यांना जड जाई. मग त्या नोकरांना पाठवीत. अन्न पोहोचत होते, पण त्याबरोबर जाणारी माया वाटेतच सांडत होती. तेव्हा मार्गरीत नाझो ही शेतकऱ्याची मुलगी पुढे आली. गुरे राखता राखता ती स्वतःच वाचायला शिकली होती आणि इतर मुलींनाही शिकवीत होती. आजाऱ्यांची सेवा करायला ती आनंदाने तयार झाली. १६३३ साली प्लेगची लागण झालेल्या एका स्त्रीला तिने आपल्या बिछान्यात जागा दिली आणि त्याच रोगाने ती मरण पावली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला लुईज यांच्या घरी अशा काही मुली एकत्र राहू लागल्या. त्यातून धर्मभगिनींचा एक मोठा संघ उभा राहिला. भिंतींच्या आत न राहता त्या रस्त्यांवरून गरिबांच्या घरी जात, आणि त्या काळी ही गोष्ट नवीन होती.

पॅरिसमध्ये दरवर्षी तीनशे-चारशे तान्ही मुले रस्त्यावर टाकली जात आणि त्यातली फारच थोडी वाचत. १६३८ साली या स्त्रियांनी चिठ्ठ्या टाकून बारा मुले निवडली आणि काम सुरू केले. पुढे मुले वाढली, खर्च वाढला, युद्धामुळे देणग्या आटल्या. १६४७ च्या सुमारास हे काम सोडून द्यावे असा विचार त्या स्त्रियांमध्ये सुरू झाला. व्हिन्सेंट यांनी त्यांना रागावले नाही. त्यांनी एवढेच समोर ठेवले की आजवर त्या या मुलांच्या आया होत्या, आता क्षणभर न्यायाधीश होऊन त्यांनी ठरवावे की मुलांनी जगायचे की मरायचे. काम पुढे चालू राहिले.

देणाऱ्यांना बातमी, घेणाऱ्यांना काम

तो काळ युद्धांचा होता. लोरेन, पिकार्दी, शांपान्य हे प्रांत सैन्यांनी उद्‌ध्वस्त केले होते. १६३९ नंतर व्हिन्सेंट यांनी पॅरिसमध्ये जमवलेला निधी लोरेनला पोहोचवायचे काम मात्यू रेनार नावाच्या एका ब्रदरांनी केले. जुनी झोळी खांद्यावर टाकून, लुटारूंच्या मुलखातून त्यांनी पन्नासहून अधिक फेऱ्या केल्या. पुढे १६५० नंतर तिथल्या परिस्थितीची छापील पत्रके पॅरिसमध्ये वाटली गेली, ती वाचून माणसे देत आणि दिलेल्याचे काय झाले हेही त्यांना कळे.

मदत म्हणजे केवळ अन्न नव्हे, हेही व्हिन्सेंट जाणून होते. ज्याला कष्ट करता येतात त्याला बियाणे आणि अवजारे दिली जात, स्त्रियांना सूत कातायचे साहित्य दिले जाई. माणसाला पुन्हा स्वतःच्या पायावर उभे करायचे, त्याला कायमचा हात पसरायला लावायचे नाही, हे त्यांच्या मनात पक्के होते. बैलांची जोडी विकली जाताना त्यांनी पाहिली होती.

आपल्या नातेवाइकांच्या बाबतीतही त्यांना झगडावे लागले. १६२३ साली ते पुईला गेले. निघताना गरीब भावंडांना पाहून त्यांना रडू कोसळले. आपल्या ओळखींचा उपयोग करून यांना वर आणावे, हा मोह त्यांना कित्येक महिने छळत राहिला आणि प्रार्थनेने सुटला. गरिबांसाठी आलेले धन आपल्या माणसांकडे वळले नाही.

२७ सप्टेंबर १६६० रोजी पॅरिसमध्ये, खुर्चीत बसलेल्या स्थितीत, त्यांनी प्राण सोडला. १७३७ साली त्यांना संतपद मिळाले आणि १८८५ साली पोप तेरावे लिओ यांनी त्यांना सेवाकार्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. १८३३ साली पॅरिसमध्येच फ्रेडरिक ओझानाम या तरुण विद्यार्थ्याने मित्रांसह जी संस्था सुरू केली तिला याच संताचे नाव दिले. तिचे सदस्य आजही गरजूंच्या घरी स्वतः जातात.

आपल्यापुरते

बंधुभगिनींनो, सुरुवातीला सांगितलेल्या त्या घराकडे परत येऊ या. तिथे फळांची कमतरता नव्हती, पाळीची होती. आपल्या धर्मग्रामातही नाताळात, प्रायश्चित्तकाळात, एखाद्या आपत्तीत हात सढळ होतात, त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. पण औषधाचे बिल दर महिन्याला येते, शाळेची फी दर वर्षी येते. म्हणून माझी विनंती मोठ्या रकमेची नाही. जे शक्य आहे ते थोडे, पण दर महिन्याला द्या. ज्या संस्थेला देता तिला हिशेब विचारा, आम्हालाही विचारा. आणि महिन्यातून एकदा तरी एका घरी स्वतः जा. त्या दिवशी ज्या घरी कोणी येत नाही ते घर शेवटचे ठेवा, म्हणजे तिथून उठायची घाई होणार नाही.

प्रभू आपल्या हातांना आणि आपल्या सवयींना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू