रुग्णसेविका सावित्रीबाई फुले

सावित्रीबाई फुले यांचे नाव निघाले की १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात निघालेली मुलींची शाळा आणि अंगावर झेललेले शेणगोळे यांचे स्मरण कोणासही होते. त्या कथा आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहेत. आम्ही येथे त्यांच्या आयुष्याची अखेरची नऊ वर्षे सांगणार आहोत. हजीऱ्यातील ज्या घरांत एखादे वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळलेले आहे, तेथील मंडळींस तीच अधिक जवळची वाटतील.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे नेवसे पाटलांच्या घरी झाला. १८४० साली जोतीराव फुले यांच्याशी विवाह झाला. पोटी संतान नव्हते. १८७४ साली एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला व पुढे त्यास डॉक्टर केले.

११ मे १८८८ रोजी मुंबईत जोतीरावांना महात्मा ही पदवी अर्पण झाली आणि दोनच महिन्यांनी त्यांस पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले. तरुणपणी लहुजी साळवे यांच्या तालमीत कसलेला तो देह परस्वाधीन झाला. सावित्रीबाई तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या.

अशा रोग्याची शुश्रूषा म्हणजे केवळ वेळेवर औषध पाजणे नव्हे. लुळे पडलेले अंग स्वतःचा भार सावरीत नाही, म्हणून ते उचलणाऱ्यास दुप्पट जड वाटते. रोग्यास साधारणतः दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते; नाही तर माकडहाड व टाचा यांपाशी कातडी दबून जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. लुळा हात धरून ओढणे तर फारच वाईट, त्याने खांदा निखळतो. अंगाखाली दुहेरी चादर घालावी, दोघांनी दोन्हीकडून तिच्या कडा धरून रोग्यास सरकवावे, आणि उचलताना कमरेत न वाकता गुडघे वाकवावेत, अशी रीत आज परिचारिकांना शिकवितात. त्या काळी घरोघरच्या बायका ही विद्या आपल्या कंबरेची किंमत देऊनच शिकत!

उजवा हात गेल्यावर जोतीराव डाव्या हाताने लिहू लागले व 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी पुरे केले. ते १८९१ साली, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथाला सावित्रीबाईंचेही हात लागले आहेत, असे आम्ही मानतो. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. दत्तकपुत्राच्या हक्कावरून भाऊबंदांनी तंटा काढला, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरून सावित्रीबाई स्वतः पुढे चालल्या.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. यशवंतरावांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई तेथे रोगी आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यात एक मुलगा प्लेगने पडला असल्याचे त्यांस कळले. या रोगात जांघेत वा काखेत गाठ येते व रोग्यास पाऊल टाकवत नाही. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्यास पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. हा रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच संशोधकाने दाखविले ते पुढच्या वर्षी, १८९८ साली.

सावित्रीबाईंना प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. तो मुलगा वाचला.