वाफेच्या यंत्रविद्येचे उपासक : अर्देशर कर्सेटजी वाडिया

वाचकहो, गळिताच्या हंगामात आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही साखर कारखान्यावर आपण गेलात, तर उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जळताना दिसेल. आग एकीकडे, तिच्या वाफेवर फिरणारे यंत्र दुसरीकडे. मोटारीच्या एंजिनात इंधन सिलिंडरच्या आतच पेटते, म्हणून त्याला ठरावीक तेलच लागते. आग बाहेर असली की एंजिन चोखंदळ राहत नाही. लाकूड, कोळसा, चिपाड, हाती येईल ते चालते. पुरेशी हवा देऊन जाळले तर धूरही कमी होतो. जुन्या आगबोटी काळाकुट्ट धूर ओकत, हे खरे. पण तो दोष कोळशाचा आणि अर्धवट जळणाचा.

ही बाह्यज्वलनाची विद्या ज्यांनी मुंबईत स्वतःच्या हातांनी हस्तगत केली, ते अर्देशर वाडिया. त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी झाला. त्यांच्या घराण्याची कीर्ती सागवानी, शिडांच्या जहाजांची. वाफ आली म्हणजे त्या वडिलोपार्जित विद्येवरच गदा येणार होती. चौदाव्या वर्षी गोदीत दाखल झालेल्या अर्देशर यांनी हे ओळखले आणि कुरकुर न करता वाफेचीच कास धरली. घरच्या विहिरीचे पाणी चढविण्यासाठी त्यांनी एका अश्वशक्तीचे वाफेचे एंजिन बनविले. १८३३ साली साठ टनांची 'इंडस' ही बोट पाण्यात सोडली. १८३४ साली माझगावचा आपला बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळला, तेव्हा तो पाहण्यास खुद्द गव्हर्नर आले.

१८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले व तेथील कारखाने त्यांनी बारकाईने पाहिले. परतल्यावर १८४१ साली कंपनी सरकारच्या मुंबईतील आगबोटींच्या कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. युरोपियन कारागिरांवर एतद्देशीय अधिकारी! मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रातही नाके मुरडली गेली. अर्देशर यांनी वाद घातला नाही, काम केले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. दुसरे रामानुजन, तेही १९१८ साली.

१८५१ मध्ये त्यांनी 'लवजी फॅमिली' ही आगबोट तरती केली. तिचे भाग त्यांच्या घरच्या फौंड्रीत तयार झाले होते. उद्यमनगरात ज्यांचे हात ओतकामात भाजले आहेत, त्या वाचकांना यातील कष्ट निराळे सांगावयास नकोत.

१८५७ साली ते निवृत्त झाले. पुढे काही काळ सिंधमधील कोटरी येथे सिंधू नदीवरील आगबोटींचे काम पाहून ते इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. तेथेच रिचमंड येथे १६ नोव्हेंबर १८७७ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.