समुद्र न पाहिलेली समुद्रवेडी

मैत्रिणींनो, आपल्या हिंगोलीला कुठला आलाय समुद्र! कयाधूला पूर आला की पुलावर जाऊन पाणी बघायचं, तोच आपला समुद्र. खरा समुद्र मी पाहिला तो लग्नानंतर सात वर्षांनी. म्हणूनच रॅचेल कार्सनबद्दल वाचलं, तेव्हा ही बाई मला अगदी आपल्यातली वाटली.

रॅचेल १९०७ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेल गावी जन्मली. तिथेही समुद्र नव्हता. समुद्र भेटायचा तो पुस्तकांतून. प्रत्यक्ष पाहिला तो १९२९ मध्ये, प्राणिशास्त्र शिकताना, २२व्या वर्षी.

पुढे वडील गेले, मग मोठी बहीण गेली. म्हातारी आई आणि बहिणीच्या दोन पोरी, सगळा भार हिच्यावर. दिवसा सरकारी मत्स्य खात्यात नोकरी, रात्री जागून लिखाण. १९४१ मध्ये आलेलं पहिलं पुस्तक फारसं खपलंच नाही. पण बाई थांबली नाही. १९५१ मध्ये आलेल्या ‘द सी अराउंड अस’ने मात्र नाव केलं. ८६ आठवडे ते खपाच्या यादीत होतं!

त्यात खोल समुद्राचं एक नवल आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजावरून पाण्यात आवाज सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजत. काही ठिकाणी मध्येच तळ लागल्यासारखं वाटायचं आणि रात्री हा तळ चक्क वर यायचा! तळ कसला, तो जिवांचा थर होता. छोटे मासे, कोळंबीसारखे जीव दिवसा अंधारात दडतात आणि रात्री खायला वर येतात. कित्येकांच्या अंगाला काजव्यासारखा स्वतःचा उजेड. पृथ्वीवरची ही रोजची सर्वांत मोठी ये-जा आहे, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

१९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहून तिने डीडीटीसारख्या विषारी फवाऱ्यांवर बोट ठेवलं. कंपन्या तुटून पडल्या. तेव्हा तिला स्तनाचा कर्करोग होता, पण तिने ते जगाला कळू दिलं नाही. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६व्या वर्षी ती गेली.

आपल्या शिवारातलं पाणी कयाधूतून पैनगंगेला जातं, पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत थेट बंगालच्या उपसागराला मिळतं. हे कळल्यापासून समुद्र लांब आहे, असं मला म्हणवत नाही. फवारणीचा पंप नदीवर धुवायला निघाला की आता मी दारातच अडवते. घरातले हसतात. हसू देत!